रोज एक पान

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मराठीसाठी संकल्प सुटतात. ‘शंभर जुनी पुस्तकं ऑनलाइन आणू!’ लगेच व्हॉट्सॲपवर गट निघतो. गटाचं नाव आणि बोधचिन्ह यावर आठवडाभर खल होतो. मार्च संपेपर्यंत गट गपगार, आणि शंभरातलं एकही पुस्तक आलेलं नसतं. मला याची चीड येते, कारण ही माणसं आळशी नसतात. त्यांनी घास मोठा घेतलेला असतो, एवढंच. शंभर पुस्तकांना हात कुठून घालायचा, हे कुणालाच उमगत नाही. पानाला हात घालता येतो.

मराठी विकिस्रोत या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयात कामाचं माप पानच आहे. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं उलटली की पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. अशी पुस्तकं तिथे स्कॅन करून चढवतात. पडद्यावर एका बाजूला छापील पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राने त्यावरून ओळखलेला मजकूर. जुन्या, पुसट छपाईपुढे यंत्र अडखळतं. ‘ख’चा ‘रव’ होतो, ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’. ‘घर भरलं’चं ‘धर मरलं’ झालेलं मी पाहिलंय! आपण ओळीला ओळ लावून ताडायचं. तपासलेलं पान लालचं पिवळं होतं. दुसऱ्या कुणी ते पुन्हा तपासलं की हिरवं. स्वतः पिवळं केलेलं पान स्वतःला हिरवं करता येत नाही, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो. दुसरी नजर हवीच.

एका पानाला मला साधारण वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. त्या बैठकीत एकच काम, अक्षरं ताडणं. लेखकाबद्दल कुतूहल वाटलं तर वहीत टिपायचं. शोधायला निघालात की पान राहिलंच. जुन्या पुस्तकात ‘घरांत’, ‘नांव’ अशी टिंबं भेटतात. १९६२च्या लेखन नियमांनी ती गेली, म्हणून खोडायला हात शिवशिवतात. खोडायची नाहीत. पुस्तक जसं छापलं तसंच पुढे गेलं पाहिजे.

आता हिशेब करा. २४० पानांचं पुस्तक, रोज एक पान, तर आठ महिने. एकूण ८० तास. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पानांचा दंड लावून घेऊ नका. दंड साचतो, मग माणूस तिकडे फिरकत नाही. दुसऱ्या दिवशीही एकच पान.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंद झाला, पेढे वाटले. पण ज्या पुस्तकांच्या जोरावर आपण तो मागितला, त्यांची पानं कपाटात पिवळी पडून तुटतायत. ती वाचवायला ठराव नकोत, वीस मिनिटं हवीत.

माझं आज १३७वं पान. दुसऱ्या ओळीत यंत्राने ‘काही’ लिहिलंय, छापील पानावर ‘कांहीं’ आहे. दोन्ही टिंबं मी परत ठेवली. पान पिवळं करून ठेवतेय. हिरवं तुम्ही करा.