शितं आणि मोठी आच

अशी एक परीक्षा आहे, जिच्यात पोराला गुणपत्रिका मिळत नाही, कुणी पास होत नाही, कुणी नापास होत नाही. मग या परीक्षेचं टेन्शन येतं कुणाला? साहेबांना.

राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, शिक्षकांच्या बोलीत 'नॅस'. १२ नोव्हेंबर २०२१ला देशभरातल्या सुमारे ३४ लाख मुलांना बसवलं. दहावीच्या मुलांना गणित आणि इंग्रजीही होतं. कामाची रीत आपल्या आजीची, शितावरून भाताची परीक्षा. बाहेरून आलेला माणूस वर्गातली जास्तीत जास्त तीस मुलं निवडणार, ती ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोळे रंगवणार, आणि त्यावरून जिल्ह्याला काय येतं ते कळणार. कल्पना चांगली आहे. मुलाला काहीच मिळवायचं किंवा गमवायचं नसल्यामुळे ते खरं उत्तर देईल, हीच तर तिची गंमत.

पण या आकड्यांना राज्य-जिल्ह्यांच्या श्रेणी चिकटल्या आणि गंमत संपली. मग शिक्षकांच्या ग्रुपवर सराव प्रश्नपत्रिका, केंद्रप्रमुखांचे आढावे, गोळा रेषेबाहेर जाऊ नये म्हणून तालीम. कुठलं शीत उचललं जाईल ते ठाऊक नाही, म्हणून अख्खं पातेलंच मोठ्या आचेवर. हा कार्यक्रम दरवेळी 'गुणवत्तावाढ' या नावाने होतो. गोळे रंगवण्याची गुणवत्ता वाढते, हे मान्य.

एवढं करूनही दहावीची देशाची सरासरी ५००पैकी इंग्रजीत २७७ आली आणि गणितात २२०च्या आसपास.

मग इयत्ताच बदलल्या. नाव झालं 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण', वर्ग झाले तिसरी, सहावी, नववी. नव्या शैक्षणिक धोरणातल्या टप्प्यांशी ते जुळतं, असं कारण आहे आणि ते खोटं नाही. फक्त आता दहावीचं पाऊल पुढे पडलं की मागे, हे जुन्या आकड्याशी ताडून सांगता येत नाही. सोय कुणाची झाली, हा वेगळा प्रश्न.

४ डिसेंबर २०२४ला परख झाली. नववीच्या गणितात देशाची सरासरी ३७ टक्के. सहावीत दहापर्यंतचे पाढे आणि बेरजा येणारी मुलं ५३ टक्के. उरलेली मुलं पुढे नववीत बीजगणिताशी कशी झुंजत असतील, त्यासाठी वेगळं सर्वेक्षण नको. आता आपल्या दहावीचा २०२५चा निकाल पाहा, ९४.१० टक्के. एक आकडा देशाचा, एक राज्याचा, एक नववीचा, एक दहावीचा. तुलना शास्त्रशुद्ध नाही, मान्य. तरी नववी ते दहावी या एका वर्षात असं कोणतं टॉनिक मिळतं, ते पालकांना कळलं तर बरं. तोंडी परीक्षेचे नि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण हे त्याचं नाव नसावं.

परखच्या जेमतेम दीड महिना आधी राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद बातम्यांत आली होती. दहावीला गणित-विज्ञानात ३५ नाही, २० मिळाले तरी पुढे जाता येईल. गुणपत्रिकेवर शेरा असेल की, या मुलाला पुढे हे विषय घेता येणार नाहीत. ओरड झाली. खुलासा आला की, हे लगेच लागू नाही. लगेच नाही म्हणजे कधी? हा प्रश्न बहुपर्यायी नव्हता, त्यामुळे बहुधा सोडून दिला.