टोपी कुठे घालायची, कुठे काढायची

२६ जानेवारीला शाळेच्या मैदानावर चार मुलं हातात हात घालून उभी असतात. एकाच्या कपाळावर ठसठशीत गंध, दुसऱ्याच्या डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, तिसऱ्याला चिकटवलेली दाढी आणि चौथ्याच्या गळ्यात थर्माकोलचा क्रूस. मागे एकात्मतेचं गाणं वाजत असतं आणि ते संपायच्या आत दाढी सुटायला लागलेली असते. जगातल्या धर्मांचा आपल्याकडचा अभ्यासक्रम एवढाच. बौद्ध, जैन, पारशी, ज्यू या रांगेत सहसा नसतात. वेशभूषेच्या दुकानात भाड्याने मिळणारे पोशाख चारच, त्याला शाळा काय करणार?

शाळेला बोल लावण्यात अर्थही नाही. सगळा खर्च सरकार करतं अशा शाळेत धार्मिक शिक्षण द्यायला संविधानाच्या २८ व्या कलमाने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मग हे काम घरावर येतं. घरात आईबाबा कामाला गेलेले, म्हणून ते आजीवर येतं. आजीकडे त्यासाठी एकच तयार वाक्य असतं, ‘सगळे देव सारखेच रे बाळा’. हे वाक्य मोठ्या माणसांनी मुख्यतः विषय संपवण्यासाठी काढलेलं आहे. पोरांना ते पटत नाही. लंगडी, लगोरी आणि खो-खो हे सगळे खेळ सारखेच, असं कुणी म्हणालं तर मुलं त्याला कधी डावात घेणार नाहीत. त्यांना गंमत वाटते ती नियम वेगळे असण्याचीच. म्हणून सहा वर्षांची नात आणि तिचा सात वर्षांचा मावसभाऊ यांना घेऊन मी मुंबईत हिंडायला लागले, तेव्हा ते वाक्य घरीच ठेवून निघाले.

पहिला धडा टोपीचा. वांद्र्याला मोतमावलीच्या चर्चमध्ये शिरताना नातवाला क्रिकेटची टोपी काढायला लावली. पुढे काळा घोड्याजवळच्या निळ्या-पांढऱ्या सिनेगॉगमध्ये दाराशीच त्याच्या डोक्यावर छोटी गोल टोपी आली. १८८४ साली ससून घराण्याने बांधलेली ही वास्तू. रंगीत काचांतून उजेड झिरपत होता, पण नातवाचं सगळं लक्ष टोपी पडू नये याकडे. गुरुद्वारात रुमाल बांधायला लागला. आमच्या देवघरात बोडक्याने चालतं. शेवटी तो वैतागला, “आजी, देवाचं नक्की म्हणणं काय आहे?” तत्त्वज्ञानाची जाडजूड पुस्तकं याच प्रश्नाने सुरू होतात. मी म्हटलं, “ज्याच्या घरी जायचं, त्याच्या घरची पद्धत.” एवढ्यावर त्याचं समाधान झालं. मुलं नियमांना भीत नाहीत, नियम मोठ्यांनी पाळले नाहीत की मात्र भांडतात.

मोतमावलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं. हात दुखतो त्याने मेणाचा हात वाहायचा, पाय दुखतो त्याने पाय. मूल हवं त्याने बाळ, घर हवं त्याने घर. नातीने सगळं निरखून पाहिलं आणि दुकानदार मावशींना विचारलं, “गणिताचं काय मिळेल?” मावशींनी मेणाचं डोकं पुढे केलं. नवस आम्हाला नवा नव्हता, नवसाचा एवढा व्यवस्थित माल मात्र नवा होता.

ज्यूंची गोष्ट सांगायला बायबलच्या देशापर्यंत जावं लागत नाही, अलिबागपर्यंत गेलं तरी पुरतं. बेने इस्रायली मंडळींचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावं आपल्यासारखीच गावावरून पडलेली, रोहेकर, पेणकर, किहीमचे केहीमकर. नातवाने यातलं नेमकं उचललं. “शनिवारी काहीच काम नाही? गृहपाठपण?” त्या धर्माविषयी त्याला जो आदर वाटू लागला, तो मी कितीही सांगून निर्माण झाला नसता. मग मलिद्याचं सांगितलं. शुभकार्यात संदेष्टा एलियाची आठवण काढून गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं यांचं ताट मांडतात. नात म्हणाली, “म्हणजे आपले दडपे पोहेच, फक्त गोड.” दडपे पोहे आणि मलिदा एक नव्हेत हे मी समजावलं. सारखेपणाची खोड मोठ्यांचीच असते असं नाही.

फोर्टातल्या माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी पंखवाले, दाढीवाले बैल बसले आहेत. मुलं त्यांच्या प्रेमात पडली आणि थेट आत निघाली. त्यांना थांबवावं लागलं, पारशी नसलेल्यांना आत जाता येत नाही. “आपण काय केलंय?” हा प्रश्न आलाच. काही केलेलं नाही, त्यांची रीत तशी आहे. आत अग्नी अखंड तेवत ठेवलेला असतो, त्याला चंदनाची लाकडं वाहतात. उदवाड्याचा इराणशाह हा पवित्र अग्नी सिद्ध करताना तर सोळा ठिकाणचा अग्नी एकत्र केला होता, त्यात आकाशातल्या विजेने पेटलेलाही होता. वीज कशी पकडली असेल यावर दोघांनी चर्चगेटपर्यंत वाद घातला. दारातून परत फिरणं हासुद्धा परधर्माच्या ओळखीचाच भाग आहे. सगळंच आपल्यासाठी उघडं असायला हवं, असं नसतं.

गुरुद्वारात जमिनीवर पंगतीत बसून लंगरमध्ये जेवलो. ग्रंथसाहेबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. नातीचं लक्ष ओंजळीतल्या कडाप्रसादाकडे होतं. “आजी, आपल्या सत्यनारायणापेक्षा यांचा शिरा भारी आहे.” सव्वाच्या मापाने शिरा करण्यात माझं आयुष्य गेलं. सर्वधर्मसमभावाची खरी परीक्षा अशी स्वयंपाकघरातून येते. मी पास झाले, पण काठावर.

विहारात बुद्धाच्या मूर्तीशेजारी बाबासाहेबांची तसबीर होती. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला, हे थोडक्यात सांगितलं. इथे मागणं मागायचं नसतं, बुद्ध देव नाही, असंही सांगितलं. नात चिंतेत पडली. “मग परीक्षेच्या वेळी काय करतात?” मी म्हटलं, “अभ्यास. बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबरला दादरला गेलीस तर पुस्तकांचे केवढे स्टॉल लागतात बघ.” मेणाच्या डोक्याची किंमत विचारून आलेल्या नातीला हा मार्ग फारच खडतर वाटला.

माहीमच्या दर्ग्याची जत्रा डिसेंबरात. पहिला संदल मुंबई पोलिसांचा असतो, तेव्हा “कोणाला पकडायला आलेत?” हे ओघाने आलं. तिथून गाडी ईदवर गेली. ईद कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात कशी? चांद्रवर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. आपण अधिक महिना घालून हिशेब जुळवतो, मुसलमान घालत नाहीत, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. नातवाने उपाय सुचवला, “आपला एक महिना त्यांना देऊया ना.” अधिक महिन्यात जावयांना वाण देणाऱ्यांना यावर विचार करायला हरकत नाही.

दुसऱ्यांच्या घरी जायचं म्हणजे त्यांनीही आपल्याकडे यायचं. गणपतीत खालच्या मजल्यावरचा नातवाचा बोहरी मित्र आला, मोदक खाल्ले आणि म्हणाला, “आजी, तुमचा देव इतका छान आहे, तर बुडवता का?” तीन पिढ्यांत आमच्या घरी हे कुणी विचारलं नव्हतं. पार्थिव मूर्ती, आवाहन, विसर्जन असं बरंच मी बोलले आणि बोलता बोलता मलाच प्रथम नीट कळलं. परधर्मी मूल घरात आलं की आपल्या धर्माची उजळणी होते, आणि तीही फुकटात.

हे सगळं झाल्यावर नातीने तो प्रश्न टाकला, जो टाळण्यासाठीच ‘सगळे देव सारखे’ हे वाक्य जन्माला आलं असावं. “पण आजी, खरं कोणाचं?”

“ते मोठी झालीस की ठरव,” मी म्हटलं, “आणि हवं तर माझ्याशी भांड. आत्ता टोपी कुठे घालायची, कुठे काढायची, कुठल्या दारातून परत फिरायचं, एवढं शिक.”

हा क्रम मला बरा वाटतो. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर खरं कोणाचं आणि खोटं कोणाचं हे ठाम माहीत असलेली बरीच मंडळी संध्याकाळी जमतात. त्यातल्या एकालाही दुसऱ्याच्या देवाच्या दारात चपला काढायच्या की पायातच ठेवायच्या, हे सांगता येत नाही.