पान उलटून पाहा

पुण्यात गच्चीवर मिरचीचं रोप लावलं, की त्याला पाणी घालायला कुणी सापडत नाही; मत द्यायला मात्र अख्खी सोसायटी हजर. पान जरा मुडपलं, की पहिल्या मजल्यावरचे काका म्हणतात, "ऊन कमी पडतंय." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या मते ऊन फार झालंय. आंबट ताक शिंपडावं यावर मात्र दोघांचं एकमत. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात हे शिकायला मुलं चार वर्षं घालवतात. आमच्याकडे तेच ज्ञान दोन जिने चढता चढता येतं.

ही मतं उभ्याउभ्या दिली जातात, गोम तिथेच आहे. दुखणं पानाच्या वर दिसतं आणि दुखणं आणणारा बहुधा खाली बसलेला असतो. त्याला गाठायचं तर गुडघे टेकावे लागतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणावा लागतो. तेवढं केलं तर मिरची बरंच सांगते. कडा वर वळून पानाचा द्रोण झाला, तर फुलकिडे. खाली वळून उलटी होडी झाली, तर कोळी. टोमॅटोचा बोकड्या निराळा. तो विषाणू पांढरी माशी आणते आणि त्याला औषध नाही. रोप उपटायचं. लाडानं वाढवलेलं रोप उपटायला कुणाचाच हात धजत नाही आणि तोवर माशी शेजारच्या कुंडीत पोचते.

भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा हळद्याही असाच माशीचा प्रताप. त्याला दाद न देणारा वाण म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी क्रांती' दिली. क्रांतीचं बी परभणीहून येतं, हे सदाशिव पेठेत मोठ्यानं बोलू नये.

पावसाळ्यात करपा, थंडीत काकडीवर भुरी, हे पाहुणे ठरलेले. पण अगदी खालचं एखादं जुनं पान पिवळं पडलं, तर ते निव्वळ म्हातारपण असू शकतं. कुंडीत पाणी साचलंय का तेवढं पाहावं आणि पान खुडून टाकावं.

फुलकिडे, मावा दिसलाच तर 50 ग्रॅम निंबोळीची भरड 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावी, किंचित साबण घालावा. उन्हानं निंबोळीचा गुण लवकर जातो, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. आणि पिचकारीचं तोंड वर करून, पानाच्या खालून.