आमची कोठेही शाखा नाही

(रंगमंचावर एक स्टूल, त्यावर चहाचं पितळी पातेलं. साठीतला माणूस येतो. खांद्यावर फडकं, मनगटावर कागदी पट्टा.)

बसा, बसा. चहा मिळणार नाही, दुकान बंद आहे. (मनगट दाखवत) हा पट्टा हॉस्पिटलचा नाही हो, बिअरच्या जत्रेचा आहे! पुतण्या घेऊन गेला होता. तो ब्रुअरीत कामाला आहे. घरी सांगितलंय, "फूड लाइनमध्ये आहे."

गेटवरच पोरीनं अडवलं. "काका, परमिट?" म्हटलं, कसलं? "पिण्याचं. एक दिवसाचं पाच रुपये." १९४९चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून ठणठणीत आहे, बरं का! आणि परमिट कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी. पाच रुपयांत आरोग्य! पाच रुपयांत मी कटिंगसुद्धा देत नाही. मग म्हणाली, "आजन्म काढा ना, हजार रुपये." म्हटलं, बाळ, या वयात एक दिवसाचंच परवडतं.

आत गेलो. सगळे आपले पुण्याचेच ब्रुअर. २००९ला डूलाली ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून गावात हे वेड. ओळीनं नळ, नळांमागे दाढ्या. पुतण्या कृती सांगायला लागला. बार्लीला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, मग पासष्ट-सहासष्ट अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचं.

"उकळायचं नाही?"

"नाही काका, उकळलं तर पिठाची साखर करणारी एन्झाइम्स मरतात. आधी गाळायचं, मग हॉप्स टाकून तासभर उकळायचं."

तासभर! मी चहा तासभर उकळला तर गिऱ्हाईक पातेलं माझ्या डोक्यात घालेल. आणि एवढं करून लगेच प्यायचं नाहीच. गार करा, यीस्ट टाका. एल असेल तर एक-दोन आठवडे थांबा, लागर असेल तर महिना-दीड महिना. (प्रेक्षकांना) मी "दोन मिनिटं" म्हटलं तरी तुम्ही घड्याळ बघता!

"आणि चोथ्याचं काय करता?"

"गोठ्यात जातो. म्हशी आवडीनं खातात."

त्या म्हशींचं दूध कोणाकडे येतं, ते मी विचारलं नाही.

मग त्यानं एक ग्लास हातात दिला. "ही गोझ. जर्मनीतल्या गोस्लार गावची." आंबट, त्यात मीठ, वर धण्याचा वास. अरे, हा तर लग्नातला मठ्ठा! मी सवयीनं मागे वळून म्हटलं, "जिलबी कुठंय?"

पण माझं डोकं फिरलं ते पुढच्या नळावर. पाटी एक, नावं दोन ब्रुअरींची. म्हटलं, भागीदारी का? नाही. एकानं दुसऱ्याला गिळलं? तेही नाही. दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात, आणि दोघांनी मिळून एका टाकीत एक बिअर केली. एकमेकांना कृती सांगून! (पातेल्याला धरून) पुण्यात!

पुतण्या म्हणाला, "यात नवं काही नाही. अमेरिकेत कोलोरॅडोची एव्हरी आणि कॅलिफोर्नियाची रशियन रिव्हर. दोघांच्याही एकेका बिअरचं नाव साल्व्हेशन. कोर्टात जायचं सोडून त्यांनी दोन्ही बिअर एकत्र केल्या, २००६ला बाजारात आणल्या. नाव ठेवलं, कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन."

मी खालीच बसलो. कारण माझ्या दुकानासमोर दुसरं अमृततुल्य आहे. नाव तेच, माझ्या कुलदैवताचं. त्यांचं कुलदैवतही तेच, करणार काय? कोर्टात तारखा चालू आहेत. मी पाटी लावली, 'आमची कोठेही शाखा नाही.' त्यानं लावली, 'आमचीही नाही. समोर तर मुळीच नाही.' आणि या अमेरिकनांना वकील नव्हते का हो? आमच्या वकिलांचा फ्लॅट झाला त्या केसवर!

तेवढ्यात एक दाढी आली. "काका, पुढची आम्ही चहाची करतोय. काळी स्टाउट. तुमचा मसाला द्याल?"

मसाला! आजोबांच्या वेळचा. पहाटे शटर पाडून मी स्वतः कुटतो. खलबत्त्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून रेडिओ लावतो. म्हटलं, नाही!

"हरकत नाही. समोरच्या काकांनी दिलाय. चाखून तर बघा."

(घोट घेतल्याचा अभिनय. चेहरा बदलतो.)

जायफळ! मूर्खानं ढीगभर जायफळ दिलंय! आधीच स्टाउट, त्यात जायफळ! लोक घरी कसे जातील, इथंच आडवे होतील! माझा हात शिवशिवला. म्हटलं, "अरे, सुंठ घाला, सुंठ! वेलची चार भाग, सालासकट, सुंठ दोन, लवंग नावाला, आणि कुटायचं भरड..."

पोरगा मोबाइलवर टाइप करत होता. मी जीभ चावली. तोवर मागून आवाज आला, "वेलची चार भाग? म्हणून तुझा महाग!"

समोरचा! हातात ग्लास, खिशातून डोकावणारं परमिट. आजन्म!

"तू इथं काय करतोस?"

"आरोग्य राखतोय."

झालं! सुंठीवर अर्धा तास, जायफळावर त्याहून जास्त. शेवटी दाढीच मध्ये पडली. "काका, काका! दोघांचाही मसाला थोडा थोडा घालतो. आणि लेबलचं तर सोपंच आहे. नाव एकच आहे, एकदाच छापतो."

आम्ही दोघं एका सुरात ओरडलो, "दोनदा छाप! आणि माझं वर!"