मानधनाचा ताळेबंद

मराठीत मुक्त पत्रकारिता सुरू करणाऱ्यांसाठी देवाने आणि शासनाने मिळून नगर जिल्हा घडवला आहे. बिनदारांच्या घरांसाठी शनिशिंगणापूर, अण्णांसाठी राळेगणसिद्धी आणि पाण्यासाठी हिवरे बाजार. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं तरी ही सोय कायम आहे. अडचण एवढीच, की ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक होतकरू पत्रकाराच्या आधीच लक्षात आलेली आहे.

मी नोकरी सोडली तेव्हा घरात कुणी आकांडतांडव केलं नाही. आईने फक्त विचारलं, "म्हणजे आता पगार कोण देणार?" हा प्रश्न पत्रकारितेच्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. वडिलांनी मुकुंदराव पाटलांचा दाखला दिला. 1910 साली सुरू केलेलं 'दीनमित्र' त्यांनी पुढे वर्षानुवर्षं नेवासे तालुक्यातल्या तरवडीतून चालवलं. पुण्या-मुंबईत जाऊन बसावं लागलं नाही. खरं आहे. पण मुकुंदराव स्वतःच संपादक होते. त्यांचा लेख तीन महिने दाबून ठेवून "बघतो" म्हणणारं वर कुणी नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर होते पी. साईनाथ. त्यांनी 1993 साली 'ब्लिट्झ'मधली नोकरी सोडली, फेलोशिप मिळवली, देशातले सर्वांत गरीब जिल्हे पालथे घातले आणि 1996 साली दुष्काळाच्या राजकारणावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यातला नोकरी सोडण्याचा भाग मी तंतोतंत पाळला.

मग सामानाची पिशवी खांद्याला लावून हिवरे बाजार गाठलं. पारावर एक आजोबा बसले होते. माझी वही दिसताच सरकून त्यांनी जागा दिली.

"कुठल्या पेपरातनं आलात?"

"कुठल्याच नाही, बाबा. आधी लिहितो, मग पेपर शोधतो."

"मग गाडीभाडं कोण देतं?"

आईची आणि त्यांची ओळख नव्हती, तरी प्रश्न तोच. माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी सांगायला सुरुवात केली. "घ्या लिहून. गाव पैलवानांचं. बहात्तरचा दुष्काळ पडला, मग दारू आली. सरकारी माणसाला हितली बदली म्हंजी शिक्षा. 1989 ला पोपटराव सरपंच झाले. मग चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. 1995 ला दारिद्र्यरेषेखाली 168 कुटुंबं होती, ती तीनावर आली. पोपटरावांना 2020 ला पद्मश्री. झालं? आता तुम्ही इचारणार, पूर्वी कसं होतं. ते सांगून झालंय. फोटो त्या अंगानं काढा, उजेड बरा पडतो."

'दुष्काळातलं नंदनवन' हे शीर्षक मी एसटीतच ठरवून ठेवलं होतं. ते किती जणांनी वापरलंय, हे विचारण्याचं धैर्य झालं नाही. वही मिटली आणि सहज विचारलं, "बाबा, यंदा काय पेरणार?"

"ते आत्ता कसं सांगू? ताळेबंद व्हायचाय अजून."

त्या दिवशीची खरी मुलाखत इथून सुरू झाली. पावसाळा संपला की हे गाव पाण्याचा हिशेब मांडतं. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती चढलं, हे मोजायचं आणि ग्रामसभेपुढे ठेवायचं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरेल त्यावर रब्बीची पिकं ठरवायची. पाऊस कमी, तर पेराही कमी. उसाला आणि केळीला बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. सरासरी पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटर, म्हणून चैन फक्त आकडेमोडीची.

मी थक्क झालो. गावाचं कौतुक होतंच, पण त्याहून जास्त स्वतःची काळजी वाटली. कारण माझा सगळा कारभार चारशे मिलिमीटरमध्ये उसाचा होता.

आमच्या धंद्यातला पाऊस म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा मोसम ठरलेला आहे. लेख जूनमध्ये लिहायचा, तो दिवाळीत छापून येतो आणि मानधन होळीपर्यंत आलं तर आलं. कित्येकदा अंकाची प्रतच येते आणि तीही शेजाऱ्याच्या पत्त्यावर. अशा पर्जन्यमानात मी सहा महिने खपून करायच्या शोधमालिकेचा बेत आखून बसलो होतो.

परत आल्यावर माझी एकसदस्यीय ग्रामसभा भरवली. पिण्याचं पाणी म्हणजे घरभाडं आणि किराणा. त्यासाठी भाषांतरं, मुद्रितशोधन, कार्यक्रमांची निवेदनं, जे मिळेल ते घ्यायचं. बोअरबंदी म्हणजे सासऱ्यांकडे उसने मागायचे नाहीत. शोधमालिका बरा पाऊस होईल त्या सालापर्यंत पुढे ढकलायची. श्रमदानाचं कलम मात्र नीट वाचलं. "मानधन नाही, पण आम्ही तुम्हाला व्यासपीठ देतो," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. श्रमदान गावाच्या बंधाऱ्यासाठी असतं, कुणाच्या बंगल्याच्या कुंपणासाठी नसतं.

नंदनवनावरचा लेख मी लिहिलाच नाही. त्याऐवजी गाव पाण्याचा हिशेब कसा मांडतं, ते साध्या शब्दांत लिहून एका शेतीविषयक पुरवणीला विचारलं. उत्तर आलं, "पाठवा. गहू किती आणि हरभरा किती, ते घाला." लेख छापून आला, पैसेही आले. रक्कम सांगत नाही, आई वाचेल.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. गाजलेल्या गावाला जरूर जा, पण तिथे "पूर्वी कसं होतं" हे विचारू नका. ते सगळं छापून आलेलं आहे. यंदा काय ठरलंय ते विचारा. आणि मानधन किती, कधी मिळणार, हे लेख पाठवण्याआधी विचारा. नंतर विचारून ना विहिरीला पाणी येतं, ना खात्यावर पैसे.