काटेबाब

कारापुरात त्यांचं कागदावरचं नाव पोस्टमनला ठाऊक असेल, नाहीतर मतदारयादीला. बाकी सगळ्यांचे ते काटेबाब. १९७२ साली, मिसरूड नीट फुटायच्या आत, खाणीच्या काट्यावर लागले आणि २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हाच खुर्चीवरून उठले. चाळीस वर्षं एकच काम. भरलेला ट्रक काट्यावर चढला की ग्रॉस लिहायचं, रिकाम्या ट्रकाचं टेअर त्यातून वजा करायचं, उरेल ते नेट. पावती फाडायची. पुढचा.

ट्रकवाल्याला पैसे टनावर. त्यामुळे टेअरच्या वेळी ट्रक कसा, न्हाऊनमाखून मुंजीला निघालेल्या बटूसारखा रिकामा. ग्रॉसच्या वेळी मात्र त्याच कॅबिनमध्ये क्लीनर, क्लीनरचा भाऊ आणि पाण्याचा भरलेला ड्रम. काटेबाब वहीतून मान वर न करता ओरडत, “क्लिनराक सकयल देंवय!” क्लीनर खाली उतरे. मग एक क्षण थांबून, “भावाकय!” भाऊही उतरे. आकडा बघूनच त्यांना कॅबिनमधली माणसं कळत, अशी त्यांची ख्याती होती.

डिचोली तालुक्यात या जातीची माणसं बरीच सापडतील. खाणीनं आकड्यांची चटक लावली आणि एका सप्टेंबरात आकडेच काढून घेतले. मग कोणी पावसाचे इंच मोजायला लागला, कोणी विजेच्या बिलांचा इतिहास लिहायला बसला. काटेबाबांना काही वर्षं काहीच सापडेना. साखळीच्या बाजारात ते भाजीवालीच्या तराजूकडे इतके टक लावून बघत की ती बिचारी धाकानं दोन भेंड्या जास्त टाकी. अखेर एकदा छातीत जरा जळजळलं, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि काटेबाबांना लिपिड प्रोफाइल सापडलं.

पहिला रिपोर्ट मला पाठ आहे, कारण गावात तो सगळ्यांनाच पाठ आहे. एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १८०, व्हीएलडीएल ३६, एलडीएल १७०. काटेबाबांनी खिशातलं पेन काढलं. २४८ वजा ४२, वजा ३६. बरोबर १७०. “बघा मास्तर,” ते मला म्हणाले, “ग्रॉस, टेअर, नेट! आपलाच हिशेब.” आजाराचं दुःख बाजूलाच राहिलं. चेहऱ्यावर जुनी नोकरी परत मिळाल्याचा उजेड होता.

तो उजेड टिकला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. व्हीएलडीएलचं वजन कुठल्या यंत्रावर करता, हे विचारायला ते लॅबमध्ये गेले. तिथल्या पोरीनं सरळ सांगितलं, की त्याचं वजन करत नाहीत. ट्रायग्लिसराइडला पाचानं भागतात.

“भागतात?”

“हो. १८० भागिले पाच, ३६.”

“म्हणजे एलडीएल?”

“ते पण हिशेबानंच येतं, काका.”

काटेबाब खुर्चीवर बसले. चाळीस वर्षांत एकही ट्रक न चढवता त्यांनी पावती फाडली नव्हती. आणि इथे त्यांच्या स्वतःच्या रक्तातला सगळ्यात धोक्याचा माल काट्यावर न चढताच १७० म्हणून सही-शिक्क्यानं बाहेर पडला होता! जाताजाता त्यांनी यंत्राला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, “याला वजनमाप खात्याचा शिक्का कुठाय?”

खरं सांगायचं तर तक्रारीत तथ्य होतं. एलडीएल नीट वेगळं काढून मोजायचं तर रक्त प्रचंड वेगानं गरगर फिरवणारं यंत्र लागतं आणि त्याला तास नि तास जातात. फ्रीडवाल्ड नावाच्या अमेरिकन माणसानं दोन सहकाऱ्यांबरोबर त्यावर पाचानं भागायची युक्ती काढली. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ती कोलमडते. त्याच्या आत मात्र जगभरच्या लॅबनी ती आनंदानं स्वीकारली. आता सरळ मोजायच्या पद्धतीही आहेत, पण भागाकार स्वस्त पडतो. हे सगळं भाच्याच्या फोनवर वाचून झाल्यावर काटेबाबांना साल दिसलं. १९७२. “मी इथे काट्यावर बसलो,” ते म्हणाले, “आणि त्याच वर्षी त्यांनी तिकडे काटा उचलून ठेवला.”

तिथून जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. विठ्ठलापूरला देवळाकडे संध्याकाळी चार माणसं जमली की काटेबाब वाळवंटी नदीकडे पाठ करून उभे राहतात आणि कोलेस्टेरॉलवर बोलतात. या एका पदार्थावर आयुष्य घालवलेल्या तेरा जणांना नोबेल मिळालं, हे वाक्य पहिलं. १९२७ चं वीलांडला, १९२८ चं विंडाउसला, हे दुसरं. मग आवाज खाली आणून तिसरं, त्यांचं सर्वांत लाडकं: बक्षीस घेताना त्या दोघांनी रेणूचा जो नकाशा मांडला होता, तो चुकीचा होता. १९३२ साली बर्नाल यांनी क्ष-किरणांनी मापं घेतली तेव्हा त्या नकाशातला रेणू मापात बसेना. मग कड्यांची मांडणी नव्यानं करावी लागली. “पावती आधी, वजन मागाहून,” काटेबाब म्हणतात आणि नदीच्या दिशेनं एक तिरस्काराचा हात उडवतात, जणू स्टॉकहोम पलीकडच्या काठावर आहे.

एलडीएल म्हणजे काय, हे मात्र मी इतकं सोपं करून दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. एलडीएल म्हणजे भरलेला ट्रक. यकृत म्हणजे धक्का. धक्क्यावर माल उतरवून घेणारे हात असतात. ते ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांनी शोधले, नोबेल १९८५. हात पुरेसे असले की ट्रक रिकामा. काही घराण्यांत ते हात जन्मतःच कमी असतात, मग पथ्य कितीही पाळा. धक्का बंद पडला की काय होतं, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. रांग रस्त्यावर, आणि माती दोन्ही बाजूंच्या घरांवर. “रक्तवाहिनीच्या भिंतीवर बसते ती हीच माती,” ते म्हणतात. ऐकणारे मुकाट्यानं मान हलवतात, कारण त्या मातीनं ज्याचं तुळशी वृंदावन लाल केलं नाही असं घर इकडे कमीच.

घरच्या आघाडीवर इतकी स्पष्टता नाही. कोलेस्टेरॉलचे सत्तावीसच्या सत्तावीस कार्बन अ‍ॅसिटेटपासून येतात, हे ब्लॉख यांचं काम (नोबेल १९६४) वाचलं त्या दिवशी त्यांनी घरातलं व्हिनेगर ओतून टाकलं. अ‍ॅसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरच ना? डॉक्टरांनी समजावलं, की शरीर ते दोन कार्बनांचे तुकडे भातातूनही करतं आणि पेजेतूनही, आणि तीसेक पायऱ्या चढून त्याचं कोलेस्टेरॉल करतं. बरंचसं कोलेस्टेरॉल आपण खातच नाही, बनवतो. हे ऐकून काटेबाब दोन दिवस गप्प होते. त्यांच्या बायकोला, आमच्या वयनींना, ते दोन दिवस फार आवडले.

गुग्गुळाचं प्रकरण लवकर आटोपलं. १९७२ सालीच (हे साल त्यांची पाठ सोडत नाही) पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुग्गुळाच्या डिंकातले स्टेरॉइड वेगळे केले, हे वाचून काटेबाबांचा ऊर भरून आला आणि त्यांनी साखळीहून तीन डबे आणले. तिसरा डबा उघडायच्या आत त्यांना २००३ ची अमेरिकन चाचणी सापडली. १०३ माणसं, आठ आठवडे, आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचं एलडीएल उतरायच्या ऐवजी चार-पाच टक्के चढलेलं. तो डबा माझ्याकडे आहे. मला भेट दिलाय.

नारळाबद्दल त्यांचं मत ठाम आहे. वनस्पतीत कोलेस्टेरॉल नसतंच म्हटलं तरी चालेल, म्हणून हुमण निर्दोष. डॉक्टर म्हणाले, खोबरेलात संपृक्त मेद भरपूर, आणि धक्क्यावरचे हात तोच कमी करतो. यावर काटेबाबांनी डॉक्टरांना गोव्याबाहेरचे ठरवलं. शेवटी गोळी सुरू झाली. स्टॅटिन. त्यातलं पहिलं अकिरा एंदो यांनी १९७३ साली हजारो सूक्ष्मजीव चाळून एका निळसर हिरव्या बुरशीतून काढलं. तेव्हापासून घरातल्या बुरसटलेल्या पावाला हात लावायची वयनींना बंदी आहे. “पोदेराचा पाव आहे, औषध नव्हे,” त्या म्हणाल्या. पाव तीन दिवस फडताळात होता.

पण जे मला खरं सांगायचं होतं ते हे. हा माणूस, ज्यानं चाळीस वर्षांत एक क्लीनर चुकूनसुद्धा तोलला नाही, तो दर तपासणीच्या आधी सोळा दिवस पेज, सोलकढी आणि उकडलेली तांबडी भाजी यांवर राहतो. शक्यतो तपासणी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी लावतो. रक्त दिलं की दंडावरचा कापूस न टाकता समोरच्या हॉटेलात शिरतो, आणि एक प्लेट मिरची भजी नि पातळभाजी-पाव मागवतो. कॅबिन रिकामी करून टेअर देतो आणि तोच आकडा ग्रॉस म्हणून सांगत गावभर फिरतो. मी हे एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मास्तर, तुम्हांला काट्यातलं कळत नाही.”

यंदा त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत नेहमीप्रमाणे सजवलेल्या होड्या सुटल्या, काठावर माणूस मावेना, आणि काटेबाब रात्री साडेबारापर्यंत भज्यांच्या गाड्याजवळ एका पोराला एलडीएल समजावत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्यांची चिठ्ठी बदलून आणायला त्यांच्याबरोबर मीही गेलो. वाटेत हॉटेल लागलं. तिथेही थांबलो.

डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली, मग यांच्याकडे बघितलं. “शेवटची तपासणी कधी?”

“करायचीय. पुढच्या महिन्यात, एकादशी झाली की.”

“आजच करू या. बाही वर घ्या.”

“पण मी खाल्लंय!”

“चालतं. साध्या तपासणीला आता उपाशी पोटाची सक्ती नाही. ट्रायग्लिसराइड जरा वर दिसेल, बाकी फार फरक पडत नाही.”

काटेबाबांनी दाराकडे बघितलं. दारात मी होतो. शर्टावर भज्याचा एक कण होता, तो त्यांनी बोटानं उडवला आणि सावकाश बाही वर केली. मला राहवलं नाही. मी हळूच म्हटलं, “क्लिनराक सकयल देंवय!”

सुई आत गेली. काटेबाब नळीत चढणाऱ्या रक्ताकडे बघत होते.

“आज तो एकटा नाही, मास्तर,” ते म्हणाले. “भाऊपण आहे.”