वठलेल्या झाडांचा फोटोवाला

माणसाला छंद असावा, पण तो चारचौघांत सांगता येण्यासारखा असावा. मला वठलेल्या झाडांचे फोटो काढायचा छंद आहे. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला लोक पक्षिमित्र म्हणतात, वाघाचे काढणाऱ्याला वन्यजीव छायाचित्रकार. मेलेल्या झाडांचे काढणाऱ्याला आमच्या बोरी अरब गावात काय म्हणतात, ते माझ्यासमोर अजून कोणी म्हटलेलं नाही. एकदा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला वठलेल्या कडुनिंबाचा फोटो ठेवला, तर दुपारपर्यंत भावपूर्ण श्रद्धांजल्यांची रांग लागली. एका साडूंनी तर दहावा कुठे ठेवलाय म्हणून विचारलं.

तसा हा छंद मोठ्या घराण्यातला आहे. अमेरिकेत योसेमिटीच्या सेंटिनल डोमवर एक वाकडंतिकडं पाइनचं झाड होतं. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्सने 1940 साली त्याचा फोटो काढला आणि झाडाचं नाव झालं. पुढे 1976-77 च्या दुष्काळात ते वठलं, तरी लोक त्याचे फोटो काढतच राहिले. 2003 साली ते आडवं झालं. मेल्यावर पंचवीस वर्षं मागणी टिकवणं भल्याभल्या लेखकांना जमत नाही. नामिबियातल्या डेडव्हलीत तर सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मेलेली झाडं अजून उभी आहेत. तिथली हवा इतकी कोरडी, की कुजायचीसुद्धा सोय नाही. फोटोवाले विमानाची तिकिटं काढून तिथे जातात.

कोरडेपणात आमचा यवतमाळ जिल्हाही कोणाला हार जाणारा नाही. पण सहाशे वर्षं? इथे वठलेलं झाड वर्षभर उभं राहिलं, तरी ग्रामसभेत त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. 2016 साली उज्ज्वला योजना आली, गॅस आला, पण अंघोळीच्या पाण्याचा चुलीशी असलेला घरोबा काही तुटलेला नाही. पऱ्हाट्या आणि तुराट्या संपल्या, की सगळ्यांची नजर वर जाते. त्यातून वाचलेल्याला खालून उधई लागते. उधईतून वाचलं तर फाल्गुनात पोरं ते होळीला नेतात. ‘आज ऊन फार आहे, उद्या सकाळी काढू’ असं म्हणावं, तर सकाळी उजेड छान असतो, झाड नसतं.

असलं तरी त्याच्यापर्यंत पोचणं सोपं नाही. तीन पायांचं काहीही शेतात उभं केलं, की तो मोजणीवाला, हे आमच्याकडे ठरलेलं आहे. धुऱ्यावर ट्रायपॉड लावला की हातातलं काम टाकून मालक येतो.

“काहो भाऊ, काय मोजून राह्यले?”

“काही नाही. फोटो काढतोय.”

“पीकविम्याचा हाय का?”

“नाही हो. या बाभळीचा.”

“थे बाभय त मेली ना बाप्पा!”

“म्हणूनच.”

तो जरा विचार करतो. “मंग भरपाई भेटन का तिची?”

यात त्याचं काही चूक नाही. 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी तो स्वतःच मोबाइल घेऊन आपल्या पिकाचे फोटो काढत शेतात हिंडतो. शेतातला फोटो म्हणजे सरकारी काम. मौजेखातर फोटो काढणारा माणूस कोणत्या रकान्यात भरायचा, हे त्याला ॲपने सांगितलेलं नाही. जाता जाता तो म्हणतो, “त्या अंगानं माही तूर उभी वायली, तिचा काढा ना!” यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

खरी फजिती मे महिन्यात होते, आणि ती पाहुण्यांची. पुण्याचे पाहुणे दारव्ह्याच्या रस्त्याने येताना खिडकीतून उघडेबोडके साग, सालई, मोई बघतात आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या हळहळतात, “अरेरे, जंगल पार मेलं हो तुमचं!” मेलं कसलं? पाणी वाचवायला पानं टाकून ते मृगाची वाट बघत उभं असतं. डोंगरउतारावरचा पांढराफटक कुलू चांदण्यात असा दिसतो, की लोकांनी त्याचं नावच भुत्या ठेवलंय. तोही ठणठणीत असतो. पळस तर अंगावर पान नसताना फुलतो. बरं, पावसाळ्यात तरी खात्री पटावी, तर सागावर अळी पडते, पानांची जाळी करते आणि भर हिरवाईत सागवान करपल्यासारखं दिसतं. आमच्या झाडांइतकं मेल्याचं सोंग फक्त वसुलीवाला दारात आल्यावर माणसंच घेऊ शकतात.

यावर उपाय एकच. बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडायची. आत हिरवं निघालं तर सोंग, कोरडं तपकिरी निघालं तर पुढची फांदी बघायची. हा प्रयोग टिपेश्वर अभयारण्यात करू नये. तिथे गाडीतून उतरायला मनाई आहे, आणि ही मनाई कोणासाठी आहे ते वाघालाही ठाऊक असतं.

आणि झाड खरोखरच मेलेलं निघालं, तरी ते रिकामं नसतं. सुतार पक्षी ढोली कोरतो. तो निघून गेला की पोपट येतो, साळुंकी येते, पिंगळा येतो. कोणी अनामत मागत नाही, अकरा महिन्यांचा करार नाही. 1884 नंतर ज्याचा पत्ताच लागत नव्हता तो रानपिंगळा 1997 साली शहाद्याजवळच्या जंगलात सापडला. हा पक्षी भरदिवसा उघड्या, निष्पर्ण फांदीवर बसायचा शौकीन. म्हणजे वाळलेल्या फांदीकडे बघत राहणारा माणूस अगदीच रिकामटेकडा नसतो, एवढं घरच्यांना दाखवायला मला हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

तेव्हा शेतकरीबंधूंना एक विनंती. मे महिन्यात कुऱ्हाड लावण्याआधी नख लावून बघा, आणि हिरवं दिसलं तर मृगापर्यंत थांबा. झाड खरंच गेलेलं असेल, घरावर किंवा विजेच्या तारांवर पडण्यासारखं नसेल, तर धुऱ्यावर असं एखादं राहू द्या. त्यातला पिंगळा तुमच्या शेतातले किडे आणि उंदीर खाऊन भाडं चुकवेल. फोटोचं काय ते मी बघतो.